राखणदाराची जागा

कोपरीच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या एकच काम केलं होतं. खाडीचं पाणी आगरात घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि मीठ काढायचं. दुसरं काम त्यांना येत नव्हतं, आणि येतं का म्हणून कोणी विचारलंही नव्हतं. देशावर तो मोठा दुष्काळ पडला त्या सुमारास सरकारने ठरवलं, की लहान लहान मिठागरांवर पहारे बसवणं परवडत नाही, तिथलं मीठ कर चुकवून विकलं जातं, तेव्हा लहान आगरं बंद. कोपरीचं वाघोबाचं आगर लहान होतं. त्यावर अख्खा पाडा जेवत होता ही गोष्ट वेगळी.

नुसतं बंद करूनही सरकारचं समाधान होईना. बांध शाबूत राहिला तर ही माणसं गुपचूप पाणी घेतील आणि मीठ पिकवतील. म्हणून बांध फोडून आगरात खाडी सोडायची असा हुकूम निघाला. त्याचा मक्ता नौपाड्याच्या एका गृहस्थाला मिळाला, आणि त्याने कोपरीत दवंडी पिटवली. बांध फोडायला माणसं पाहिजेत, मजुरी रोजची रोज.

तुम्हाला वाटेल, कोणी गेलं नसेल. सगळे गेले. मार्गशीर्ष उजाडला तरी कोणाच्या हाताला काम नव्हतं. म्हाताऱ्या धाकूचा मुलगा राघो पार कल्याणपर्यंत पायी जाऊन आला होता. तिथे रेल्वेची खडी फोडायला माणसं घेतात असं त्याने ऐकलं होतं. घेत होते, पण देशावरून आलेले दुष्काळी लोक स्टेशनाबाहेर झाडाखाली बिऱ्हाडं मांडून बसलेले, आणि ते नुसत्या भाकरीवर राबायला तयार. राघोकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. परतीच्या वाटेवर डोंबिवलीच्या शेतांतून तो भात झोडायला माणूस हवा का म्हणून विचारत आला. तिथे घरच्याच माणसांना काम पुरत नव्हतं. तेव्हा आपल्याच पोटावर पाय द्यायची मजुरी मिळते म्हटल्यावर लोक झुंजुमुंजू होताच कुदळी घेऊन बांधावर हजर. मला या गोष्टीचं हसू येतं, आणि हसलो की स्वतःचाच राग येतो.

धाकूचं सगळं आयुष्य त्या बांधावर गेलं होतं. खेकड्याने कुठे बीळ पाडलंय, कुठून पाणी झिरपतंय, हे त्याला अनवाणी चालता चालता पायाला कळे. खांड पडली, म्हणजे बांध फुटून पाणी आत घुसू लागलं, की मध्यरात्रीही धाकूलाच हाक जाई. त्याच्या आधी हे काम त्याच्या बापाने केलं होतं. धाकूचे दोन मोठे मुलगे पटकीने गेले, मागे राहिला एकटा राघो. आणि राघो म्हणत होता, की इथे काही जमलं नाही तर मी आगबोटीवर कोळसा ओढायला जातो. शेजारच्या गावातला एक जण असाच गेला होता. त्याचं पुढे काय झालं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. धाकूला आता जगात एवढंच हवं होतं, की राघोने जाऊ नये.

पहिल्या दिवशी लोकांनी हात राखून काम केलं, तरी बांधाला मोठमोठ्या चिरा पडल्या. धाकूची बायको आवडाबाई संध्याकाळी ते बघून आली आणि चुलीपुढे बसली.

"अवो, यो काम तं आठ दिसांत सरंल," ती म्हणाली. "मंग काय खावाचा?"

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटी झाल्यावर पाड्यातल्या बायका खेकडे धरायला म्हणून खाडीत उतरल्या. येताना त्यांनी तिवराच्या फांद्या तोडल्या, चिरांमध्ये कोंबल्या आणि वर चिखल थापला. दिवस भांगाचे होते, भरतीला जोर नव्हता. सकाळी मक्तेदाराचा मुकादम महिपत आला आणि डोकं खाजवत उभा राहिला.

"काल इथं खणलं होतं ना रे?"

"खाडीचा चिखल हाय, मुकादम," धाकू म्हणाला. "रातभरात भरून येतं."

महिपतला ते पटलं. पटलं म्हणजे त्याने पटवून घेतलं. तोही रोजावरच होता, ठाण्याला एका खोलीत त्याची चार पोरं होती, आणि हे काम संपलं की त्याला कोणी दारात उभं करणार नव्हतं. तो बाभळीच्या सावलीत बसून विडी ओढू लागला, आणि पुन्हा त्याने तो प्रश्न कधी विचारला नाही.

मग काय, दिवसा बाप्ये फोडायचे आणि सांजेला बाया बुजवायच्या. धाकू जाता जाता सांगायचा, इथे फांद्या आडव्या घाल, तिथे चिखलात पेंढा कालव. खरं सांगायचं तर तो बांध त्या दिवसांत जितका मजबूत झाला तितका आधी कधीच नव्हता. पाड्यात पुन्हा चुली पेटल्या. बायका चिखल थापताना गाणी म्हणू लागल्या. राघोने बांधून ठेवलेलं गाठोडं सोडलं आणि त्यातलं धोतर नेसून तो एका लग्नाला जाऊन आला.

हे असंच चालेल असं कोणालाच वाटत नव्हतं. पण चालावं असं सगळ्यांनाच वाटत होतं, आणि बरीच माणसं तेवढ्यावर जगतात.

एके सकाळी मक्तेदार स्वतः आला. त्याला मक्त्याची रक्कम ठरलेली मिळणार होती आणि मजुरी मात्र रोज खिशातून जात होती, तेव्हा त्याचं येणं चुकणार नव्हतं. तो बांधावरून सावकाश फिरला. एका जागी काठी खुपसून उचकली, तर चिखलातून हिरव्या पानांची फांदी वर आली. लोक श्वास धरून उभे होते. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आगर बंद झालं तरी राखण लागणारच," तो शांतपणे म्हणाला. "सरकार इथे एक राखणदार ठेवणार आहे. कायमची नोकरी, पट्टा, डगला, सगळं. नाव मला सुचवायला सांगितलंय. येत्या पुनवेच्या भरतीला जो आगर खाडीला मोकळं करून देईल, त्याच्या घरातल्या माणसाचं नाव मी देईन. आणि पुनवेपर्यंत झालं नाही, तर मी कल्याणहून दुष्काळी माणसं आणतो. तुमची मजुरी बंद."

एवढं बोलून तो गेला. अख्ख्या पाड्यात मिळून एक जागा होती.

संध्याकाळी सगळे गावदेवीपुढे जमले. शिल्लक राहिलेल्या मिठाची एक पाटी देवीपुढे ठेवली, आणि एकेकाने त्यात हात घालून आण घेतली, की मी बांध फोडून पाणी आत सोडणार नाही. पुनवेला कोणी बांधावर पाऊलसुद्धा टाकायचं नाही असं ठरलं. दुष्काळी माणसं आली तर सगळ्यांनी मिळून आडवं व्हायचं. पहिला हात वडीलधारा म्हणून धाकूने घातला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मजुरीपुरतं वरवरचं खणणं चालू होतं, पण कोणी कोणाच्या शेजारी बसेना. कोणी लघवीला उठला तरी चार जण माना वळवून बघायचे. बायका अजूनही चिरा बुजवत होत्या, पण गाणी थांबली होती. मक्तेदाराने बांधाला हातही लावला नव्हता आणि पाडा मात्र आतून उभा चिरला होता.

पुनवेच्या आदल्या दिवशी राघोने गाठोडं पुन्हा बांधलं.

"आय, उद्या रातच्याला निंगतंव," तो म्हणाला. "त्या एका जागंसाठी सगली एकमेकांच्या जिवावर उठलीत. मना नको ती जागा."

तो बाहेर गेल्यावर धाकू चुलीपुढे येऊन बसला.

"आवडे, यो गेला तं परत येल का गं?"

आवडाबाईने चुलीत लाकूड सारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नवऱ्याला कोपऱ्यातली पहार उचलताना पाहिलं. आण घेतलीव तुमी, एवढं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती मान खाली घालून मासे कापत राहिली.

ओहोटी होती. बांधावर ठरल्याप्रमाणे चिटपाखरू नव्हतं. जुन्या काळी खाडीचा एक फाटा आगरातून जात असे, आणि बांध त्या जागी दरवर्षी खचे. शेवटी धाकूच्या बापाने आपला मोडका मचवा तिथे आडवा बुडवून त्यावर बांध घातला होता. तेव्हापासून ती जागा धरून होती. त्या मचव्याची एक तुळई ओढली तर वरचं सगळं बसेल, हे बापाने धाकूला सांगितलं होतं, ते सांभाळण्यासाठी. धाकूने चिखल उकरला. तुळई काळी पडली होती, पण लाकूड घट्ट होतं. म्हातारा रडत होता आणि पहारीवर भार देत होता. तुळई सुटली तेव्हा तो तिच्यासकट मागे चिखलात पडला.

दुपारी पुनवेचं उधाण चढलं. पाण्याचा आवाज पाड्यापर्यंत पोचला आणि माणसं मिळेल ते घेऊन धावली. पाट्या, पेंढे, घरावरची झावळ्यांची झापं. सगळ्यात पुढे राघो होता. त्याने खांडीत उडी टाकली, छातीइतक्या पाण्यात पाठ लावून तो उभा राहिला, वरून लोक फांद्या टाकू लागले.

"बा," तो ओरडत होता, "हिकरं ये. तुना ठावं हाय कसा बुजवाचा. सांग ना रं."

काठावर उभ्या धाकूला ठाऊक होतं. तेवढा वेळ अजून हातात होता, आणि मधोमध दोन मेखा मारून झापं आडवी लावली असती तर खांड थांबली असती. तो जागचा हलला नाही. त्याच्या पायाशी ती काळी तुळई पडली होती. राघोची नजर आधी बापाच्या चिखलाने भरलेल्या अंगाकडे गेली, मग तुळईकडे. त्याने खांडीला लावलेली पाठ काढली आणि तो पाण्यातून बाहेर आला.

बाकीच्यांनाही कळायला वेळ लागला नाही. बांध नेमका त्याच जागी फुटला होता, आणि ती जागा जाणणारा माणूस एकच होता. धाकूला कोणी शिवी दिली नाही की हात लावला नाही. पाणी वाफ्यांवर चढत गेलं तसे लोक एकेक करून घरी गेले.

राघो त्याच संध्याकाळी गेला. गाठोडं आवडाबाईने हातात दिलं ते त्याने घेतलं. बाप दारात उभा होता, त्याच्या अंगावरून तो गेला.

"राघो, जागा तुजीच हाय रं," धाकू म्हणाला. "तुज्याच नावानं सांगतंव."

राघोने मागे वळून पाहिलं नाही.

मक्तेदार शब्दाचा पक्का निघाला. त्याने खरोखरच राघोचं नाव दिलं. पंधरवड्याने धाकू ठाण्याच्या कचेरीत गेला, तेव्हा तो ओट्यावर भेटला आणि चांगल्या शब्दांत बोलला.

"धाकू, वरून नकार आला. गावातला माणूस राखणीला ठेवायचा नाही म्हणतात. तो सोयऱ्याधायऱ्यांना मीठ खरवडू देईल. बाहेरगावचा माणूस पाहिजे. माझ्या हातात होतं ते मी केलं."

धाकूने मान हलवली. बाहेर पायरीवर महिपत मुकादम बसला होता. तोही काही काम मिळतं का ते बघायला आला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघे दोन वाटांनी गेले.

नवा राखणदार माघात आला. दौलत त्याचं नाव, नगरकडचा, दुष्काळात बैल आणि बायको दोन्ही गमावून कल्याणच्या झाडाखाली येऊन बसलेल्यांपैकीच एक. डगला त्याला ढगळ होत होता. माणूस गरीब होता, त्याला नावं ठेवावीत असं काही मला सापडत नाही. समुद्राचं पाणी त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. पहिल्याच उधाणाला पाणी झोपडीच्या दाराशी आलं तेव्हा तो घाबरून पाड्याकडे पळाला. पाड्यात आता कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं, पण पाण्याचं विचारायचं तर धाकूला, एवढं एका बाईने त्याला सांगितलं.

तेव्हापासून धाकू रोज सकाळी त्याच्याकडे जाऊन बसू लागला. भरती कधी येईल, कुठवर चढेल, झोपडी कुठे हलवायची, सगळं सांगू लागला. घरी आवडाबाई भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. राघोचा निरोप नव्हता. दुसरीकडे कुठे जायचं म्हातारपणी?

"मामा, नोकरी ब्येस हाये बगा," दौलत एक दिवस म्हणाला. "काम काय बी न्हाई. निस्तं पान्याकडं बगत बसायचं." मग त्याने फोडलेल्या बांधाकडे हात केला. "हितं आदी काय व्हतं?"

धाकूने एकदा खांडीकडे पाहिलं.

"माजा पोर व्हता," तो म्हणाला.

दौलतला अर्थ लागला नाही, पण म्हाताऱ्याच्या आवाजावरून त्याने पुढे विचारलं नाही. शिदोरी सोडून त्याने अर्धी भाकरी मोडली आणि धाकूपुढे धरली. धाकूने ती घेतली. कालपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. खांडीकडे पाठ करून तो ती खाऊ लागला.