टिटवीच्या पायाखालच्या फांद्या

अल्गोत रीडिनचा राग त्याच्या कानांत उतरायचा. चेहरा कोरा, तोंड बंद आणि कान मात्र लालभडक. त्या फेब्रुवारीत, मालकांच्या घरी कॉफीच्या टेबलाशी बसल्या बसल्या ते लाल झाले तेव्हा शेजारी बसलेल्या हिलेवीनं, त्याच्या बहिणीनं, त्याला टेबलाखालून पायानं डिवचलं.

"काय झालं रे?"

"खिडकीबाहेर बघ."

बाहेर गोठलेल्या तळ्यावर टिटवी उभी होती. दोन मजली पंखांचं लष्करी विमान, जगात तेवढं एकच. आखणी अल्गोतची, पंखांवरचं तागाचं कापड हिलेवीनं शिवलेलं. आज लष्कराच्या समितीला ते पसंत पडलं, तर तशी आणखी विमानं बांधायला मिळणार होती. नाही पडलं, तर हा नमुना मोडीत जाणार होता.

हिवाळ्यात टिटवीला चाकांऐवजी लाकडी स्की, बर्फावरून घसरणाऱ्या लांब फळ्या, असत. आता, बर्फावर स्की उभी करायची तर खाली स्प्रूस झाडाच्या फांद्या घालायच्या, हे त्या गावात कालपरवा चालायला लागलेलं पोरही जाणतं. घसरत आलेल्या स्कीचा तळ थोडा उबदार असतो. खालचा बर्फ किंचित वितळतो आणि स्की थांबली, की तेच पाणी पुन्हा गोठून तिला चिकटवून टाकतं. फांद्या मध्ये असल्या, की चिकटायला काही उरत नाही. इतकं साधं.

आणि कारखान्याचे मालक ब्रुंडीन माणसांकरवी टिटवीला त्या फांद्यांवरून ओढून, झेंड्याजवळच्या स्वच्छ झाडलेल्या बर्फावर नेत होते. फोटोवाला आला होता ना! फोटोत कचरा कसा चालेल?

अल्गोतला धावत जावंसं वाटलं. पण सगळ्यात मोठा पाहुणा उठल्याशिवाय कुणी टेबलावरून उठत नाही. टेबलावर सात प्रकारची बिस्किटं होती, सातही चाखायची असतात आणि समितीचे प्रमुख कर्नल तुरेल अजून चौथ्यावर होते.

"कर्नलसाहेबांची परवानगी असेल, तर मी जरा बाहेर…" तो अर्धवट उठला.

"अगं बाई!" ब्रुंडीनबाई म्हणाल्या. "इंजिनिअरसाहेबांना माझी बिस्किटं आवडलेली दिसत नाहीत!"

सगळे हसले. अल्गोत खाली बसला. कर्नलनं खिडकीतून बाहेर एक नजर टाकली आणि पाचवं बिस्कीट उचललं.

अखेर मंडळी तळ्यावर आली, तेव्हा वैमानिक टिटवीत चढला होता आणि इंजिन धडधडत होतं. अशा वेळी चार माणसं शेपटी धरून विमान हलवतात आणि स्की मोकळ्या झाल्यात ना, ते बघून हात वर करतात. ती चौघं पुढे झालीसुद्धा. तेवढ्यात ब्रुंडीन ओरडले, "फोटोतून बाहेर व्हा रे सगळे!"

चौघं मागे सरली. काम उरकूनच ती सरली असं समजून, खुणेची वाट न बघता वैमानिकानं इंजिनाला पूर्ण जोर दिला. अल्गोतची हाक त्या आवाजात बुडाली. एक स्की सुटली, दुसरी सुटली नाही. टिटवी गर्रकन फिरली, चिकटलेल्या स्कीवरचा पाय काडकन मोडला आणि खालचा पंख बर्फावर घासत फाटत गेला. वैमानिक शिव्या देत उतरला, धडधाकट होता.

समितीनं तिथल्या तिथे लिहिलं: पाय कमकुवत, नापसंत.

"सांगा ना त्यांना," अल्गोत ब्रुंडीनना म्हणाला. "फांद्या तुम्ही काढायला लावल्यात. एवढं एकच वाक्य."

"पाहुण्यांसमोर तमाशा नको, रीडिन. पुढच्या खेपेला जरा जाड पाय बसवा."

"पुढची खेप कुठली?"

ब्रुंडीन फोटोवाल्याकडे वळले. अल्गोत थेट कर्नलसमोर जाऊन उभा राहिला.

"कर्नलसाहेब, खाली फांद्या होत्या. त्या काढल्या."

"पाहिलं मी."

"पाहिलं? मग साहेब बोलले का नाहीत?"

"पाहुण्यानं यजमानाच्या मांडणीत नाक खुपसू नये," कर्नल शांतपणे म्हणाले आणि हातमोजे चढवत आपल्या स्लेजमध्ये, बर्फावर घसरणाऱ्या बिनचाकी घोडागाडीत, जाऊन बसले.

ती स्लेजही त्याच झाडलेल्या बर्फावर उभी होती. गाडीवान इतका वेळ घरात कॉफीला बसला होता. आता त्यानं चाबूक उगारला, घोडे ताणले, स्लेज जागची हलली नाही. त्यानं पुन्हा चाबूक उगारला.

"अरे ए! थांब!" कर्नल ओरडले. "आधी ठोकून मोकळी कर! दांडा मोडेल ना, गाढवा!"

हिलेवी इतक्या मोठ्यानं हसली, की घोड्यांनीसुद्धा कान टवकारले.

"मोडू द्या की, साहेब! दांडा कमकुवत, असं लिहून टाका!"

कर्नलचा चेहरा उतरला. फाटक्या पंखाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. "सह्या झाल्या आहेत," ते हळूच म्हणाले.

"लाकडी हातोडा द्या कुणीतरी," गाडीवान म्हणाला. "साहेबांची आगगाडी चुकेल!"

हातोडा अल्गोतच्या शेडमध्ये होता. तो गेला आणि एका हातात हातोडा, काखेत फांद्यांचा भारा घेऊन परत आला. गाडीवानानं हात पुढे केला. अल्गोत त्याच्या बाजूनं, ब्रुंडीनच्या बाजूनं, फोटोवाल्याच्या समोरून सरळ चालत टिटवीपाशी गेला. गुडघ्यांवर बसून तो चिकटलेली स्की ठोकू लागला.

"रीडिन!" ब्रुंडीन किंचाळले. "आधी साहेबांची स्लेज!"

"कर्नलसाहेबांनी स्टेशनवर चालत जावं," अल्गोत मान वर न करता म्हणाला. "त्यांचे पाय मजबूत असतील."

स्की सुटली. हिलेवीनं खांदा लावून मोडकी टिटवी कलती धरली आणि अल्गोतनं एकेक फांदी नीट रचून तिच्या खाली सरकवली. उद्या तिला करवतीखाली घालणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याचे कान अजून लाल होते. मागे बर्फावर पाहुण्यांच्या बुटांचा करकर आवाज स्टेशनच्या दिशेनं निघाला होता.