कासवांचा उपास

कणिक टाकली नाही, असं मी रेणूला सांगितलं आणि ते खरंच होतं. म्हणूनच सांगताना माझा आवाज जराही कापला नाही.

रेणू माझ्या नणंदेची मुलगी. शिकत शिकत पार लक्षद्वीपला पोचली. दोन वर्षं समुद्रातल्या कासवांच्या मागे पाण्यात बुड्या मारत होती. यंदा कोजागिरीनंतर सिहोऱ्याकडच्या आमच्या गावी राहायला आली ती तलावातली कासवं मोजायला. पहिल्याच दिवशी जेवताना सांगू लागली, "मामी, कासव अंडी घालाले वाळूवर येते, तेवढंच सगळ्यायले दिसते. फोटो काढतात, टाळ्या पिटतात. बाकी सारी जिंदगी थे जेवते कुठं, हे कोणीच नाही विचारत."

"काय जेवते मग?"

"हिरवी कासवं गवत चरतात. समुद्राखाली कुरणं राहतात, मामी. गाई-ढोरांसारखी मान खाली घालून चरत जातात. गवत गेलं की थेही गेले."

मला फार बरं वाटलं. मीही कासवांना चारणारीच. अकरा वर्षांपूर्वी माझा मुलगा मनिष काविळीने हातचा जायची वेळ आली होती, तेव्हा मी तलावाच्या पायऱ्यांवर बोलले होते, कासवाच्या मुखात घास पडल्याशिवाय माझ्या तोंडात अन्न जाणार नाही. मनिष उठला. आता पुण्यात नोकरी करतो. तेव्हापासून कणकेच्या अकरा गोळ्या मी एक दिवस चुकवलेल्या नाहीत. मी पायरीवर उभी राहिले की पाणी हलायचं आणि इवलीशी नाकं वर यायची.

दुसऱ्या दिवशी रेणू माझ्यासोबत आली. एक कासव तिने दोन्ही हातांनी उचलून पायरीवर ठेवलं आणि माझं बोट धरून त्याच्या पाठीच्या कडेवरून फिरवलं. कड मऊ होती, एका बाजूला मुडपलेली.

"हे तुया कणकेनं झालं, मामी."

मी बोट काढून घेतलं.

"यायचं खाणं तिकडं आहे," तिने तलावाच्या पलीकडच्या गवताकडे हात केला. "गोगलगायी, शिंपले, मेलेल्या मासोळ्या. पाणी साफ ठेवणारं जनावर आहे हे. तू त्याले भिकारी करून टाकलं."

रागाने नाही बोलली. मोजमाप सांगावं तसं बोलली. मी घरी येऊन देवासमोर बसले, पण स्तोत्राच्या ओळी मागेपुढे होऊ लागल्या.

ते पलीकडचं गवत मच्छीमार संस्थेला काढायचं होतं. जाळं फिरवायला मोकळं पाणी पाहिजे, हे अध्यक्ष टेकचंदचं म्हणणं. रेणू म्हणाली, ते गवत म्हणजे कासवांचं ताट आहे, ओढू नका. टेकचंद म्हणाला, "दाखवा न मॅडम मग. जेवताना दिसले तं ठेवू." सरपंचांसमोर ठरलं, चाळीस दिवस रेणू रोज सकाळी डोंग्यातून फिरून मोजेल, मग ग्रामसभेत निर्णय होईल. कासवं पायऱ्यांपाशीच घुटमळू नयेत म्हणून तोवर कोणी काही टाकायचं नाही. कोणी म्हणजे मीच.

माझा चेहरा पाहून रेणूने माझा हात धरला. "मामी, चाळीस दिवस त्यायचा उपास समज."

मी हो म्हटलं. तुळशीला हात लावून म्हटलं.

तीन दिवस मी नुसत्या पाण्यावर काढले. चौथ्या दिवशी डोळ्यांसमोर अंधारी आली आणि त्याच संध्याकाळी मनिषचा फोन, ताप आहे म्हणून. साधाच ताप होता. पण मला राहवेना. तेव्हा मनात आलं, उपास तर उपास. उपासाला आपण काय उपाशी राहतो? फराळ चालतोच की. आणि बोलणं झालं होतं ते कणकेचं. मी डबा काढला, शिंगाड्याचं पीठ भिजवलं, अकरा गोळ्या केल्या. पायऱ्यांवर टाकायचं नाही, तर पायऱ्यांवर गेलेच नाही. पहाटे अंघोळीच्या वेळी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पुढे काठच्या उंबराखाली गेले. दोन दिवसांत कासवं तिथे यायला शिकली.

असं मी छत्तीस दिवस केलं. तेव्हा मला ते पाप वाटत नव्हतं असं लिहिलं, तर तेही खोटंच होईल. पाप वाटत नव्हतं तर पीठ पदराखाली कशाला नेत होते?

रेणू डोंग्यातून परत आली की वही उघडायची. गवतात शून्य. शून्य. एक. शून्य. "सारे उंबराखाली काहून जाऊन राहिले, समजत नाही," ती म्हणाली. पंधराव्या का सोळाव्या दिवशी तिने मला सरळच विचारलं, "मामी, तू तिकडं कणिक तं नाही टाकत न?"

"कणिक? नाही वं बाई," मी म्हटलं.

तिने मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही.

ग्रामसभेला मी बायकांच्या रांगेत सत्यभामाबाईंशेजारी बसले होते. रेणू उभी राहिली. वही उघडलीच नाही तिने. म्हणाली, "चाळीस दिवसांत गवतात फक्त सहा वेळा कासव दिसलं. मी सांगतलं तसं नाही निघालं. माझा अंदाज चुकला."

टेकचंदही जरा नरमला. "चुकते मॅडम, माणूस आहे. मग सोमवारी गवत काढाले लागू न?"

सरपंचांनी लिहायला पेन उघडला. मी उठले.

"मी चारत होती," मी म्हटलं.

"जोरात बोला न काकी!"

"रोज चारत होती. उंबराखाली. शिंगाड्याचं पीठ."

आधी कोणाला कळलं नाही. मग मागून कोणी तरी ओरडलं, "फराळ! अन् भगर नाही केली का काकी?" सगळी सभा हसली. सत्यभामाबाई माझा पदर ओढत म्हणाल्या, "बस वं. देवाच्या नावानं चारलं. चोरी थोडी केली?" टेकचंदने तर हात जोडले. "काकीची भक्ती पाहा गा! आपण घरच्या म्हाताऱ्याले वेळेवर भाकर देत नाही."

माना डोलू लागल्या. खरं सांगते, त्या क्षणी खाली बसणं फार सोपं होतं. बसले असते तर भक्त म्हणून घरी गेले असते आणि सोमवारी गवत निघालं असतं.

"भक्ती नोका म्हणू," मी म्हटलं. "या पोरीनं मले सरळ विचारलं होतं. मी शब्द फिरवला. खोटी बोलली मी तिच्याशी. तिचा अंदाज नाही चुकला, तिची मोजणी मी नासवली."

आता कोणी हसलं नाही. सत्यभामाबाईंनी पदर सोडला.

बराच वेळ खालच्या आवाजात बोलणी झाली. शेवटी टेकचंद म्हणाला, "अजून एक महिना घ्या मॅडम. पण काकीनं तलावाकडं फिरकाचं नाही. मंजूर?" मी मान हलवली. नवसाचं मी आणि देव पाहून घेऊ.

घरी येताना मला हलकं वाटत होतं. चार माणसांत उभं राहून खरं बोलले, असं मनात घोळत होतं. आमचे हे मागे सरपंचांशी बोलत येत होते. रेणू माझ्यापुढे दोन पावलं होती. मी म्हटलं, "बोलून टाकलं, बरं वाटलं बाई."

ती थांबली. "तुले बरं वाटलं असन," ती म्हणाली. "आठ दिवस झाले, मी रडून राहिली होती. दोन वर्षांचं शिकणं खोटं निघालं म्हणून. तू बाजूच्या खोलीत जप करत होती. मले पहिले सांगाचं होतं, मामी. सभेले मंग."

आणि चालू लागली.

तिचं रडणं मी ऐकलं होतं. भिंत पातळ आहे आमच्याकडे. ऐकलं, आणि जप थोडा मोठ्याने केला.

हे मागून आले. "काय म्हणली थे?"

"काही नाही," एवढं तोंडातून निघालंही. मग मी उभी राहिले आणि ती जे म्हणाली ते त्यांना जसंच्या तसं सांगितलं, भिंतीचंही. त्यांनी ऐकून घेतलं. पुढे रेणू आमच्या फाटकातून आत गेली होती.