सिमेंटच्या आत कोंडलेली मातीची भिंत

मित्रांनो, केळापूरजवळच्या एका खेड्यात दोन खोल्यांचे घर आहे. त्या घराची पश्चिमेकडची मातीची भिंत म्हणजे मी. बोटांपासून कोपरापर्यंत तुमचा हात जेवढा लांब, तेवढी मी जाड आहे. आता मी फार दिवस उभी राहणार नाही, म्हणून बोलते.

उकंडा आणि त्याची बायको मथुराबाई यांनी पांढरी माती आणि गव्हाचा भुसा पायांनी तुडवून मला घडवले. दर उन्हाळ्यात मथुराबाई मला शेणमातीने लिंपायची. पावसाळ्यात जमिनीतली ओल माझ्यात चढायची, पण वाऱ्याउन्हाने ती बाहेर निघून जायची. मे महिन्यात शेजारणी मला पाठ टेकून गहू निवडत बसायच्या. माझ्या गारव्याचे कौतुक करायच्या.

उकंडा गेला. मथुराबाईचे गुडघे धरले. मुलगा इंद्रजित वणीला कोळशाचा ट्रक चालवायचा. आईला माती तुडवताना पाहून तो कळवळला. त्याने मला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, वर ऑइलपेंट दिला. लोक बघायला आले. मलाही वाटले, आपण नटलो.

पहिल्याच पावसाळ्यात ओल चढली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळेना. रंगाला फोड आले. इंद्रजितने पुन्हा रंग दिला, पुन्हा फोड आले. मग ओल दिसू नये आणि उन्हाची झळही लागू नये, म्हणून त्याने आतून थर्माकोल लावून वर प्लायवूड ठोकले. त्यामागे बुरशी धरली. मथुराबाईची खाट मला लागूनच होती. तिला खोकला जडला, धाप लागू लागली. भिंतीला वास येतो, हे काढ, असे ती दोन वर्षे सांगत राहिली. वयामुळे होत असेल, असे समजून तो औषधे आणत राहिला.

यंदा श्रावणात मी पायथ्याशी फुगून पुढे आले. इंद्रजितने किसनसिंग मिस्त्रीला बोलावले. त्याने प्लायवूड उचकटले, छिन्नीने सिमेंटचा तुकडा पाडला. आतून चिखल ओघळला.

"सिमेंट पयलेच काढलं असतं तं वाचली असती," किसनसिंग म्हणाला. "आता हात लावला का पडते."

इंद्रजित आईसमोर मटकन बसला. "माय, म्या तुह्या सुखासाठी केलतं."

"मले मालूम हाय, बापू," मथुराबाई म्हणाली. पुढे तिला धापेने बोलता आले नाही.

त्याच दुपारी तो तिला वणीच्या भाड्याच्या खोलीत घेऊन गेला. जाताना तिने मागे वळून पाहिले नाही. आता दाराला कुलूप आहे, मला लाकडी बल्ल्यांचा टेकू आहे आणि पाऊस थांबला की मला पाडायचे ठरले आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे अशी भिंत असेल तर पावसाचे पाणी तिच्या पायापासून दूर काढा. ओल झाकू नका, तिला वाळू द्या. आणि काही करण्याआधी, जिने ती भिंत इतकी वर्षे लिंपली तिला विचारा. मथुराबाईला सारे ठाऊक होते.