कृष्णाबाई रोज पडतात

दोन हजार तीनच्या जानेवारीत, वसई तालुक्यातली म्हातारी माणसं वर्षातून किती वेळा पडतात हे मोजण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी फिजिओथेरपीच्या वरच्या पदवीला होते. प्रबंधाला मला गुडघे हवे होते, पण ते माझ्याआधीच तिघींनी पटकावले, म्हणून प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमनी मला तोल दिला. वृद्धांचा तोल का जातो, चाल कधी डळमळते, पडणं आधीच कसं टाळता येईल. सोबत बारा पानी फॉर्म, स्टॉपवॉच, मोजपट्टी आणि खडू.

सुरुवात बोळिंजला, आमच्याच कॉम्प्लेक्सपासून केली. तिथे कोणी पडतच नव्हतं. एका रिटायर्ड काकांचा हात प्लास्टरमध्ये होता, तरी ते म्हणाले, "पडलो नाही हं. जिना संपला असं वाटलं, एवढंच." आचोळ्यातही तीच तऱ्हा. चाळीस फॉर्म भरले आणि पडलेली माणसं निघाली तीन. मी वैतागले. जे शोधायचं ते सापडेना, आणि म्हातारी माणसं जरा जास्त पडावीत अशी इच्छा उघड बोलूनही दाखवता येईना.

मग नायगावच्या पुढच्या खाडीलगतच्या एका गावात गेले आणि पहिल्याच घरी कृष्णाबाई भेटल्या. वय चौऱ्याहत्तर, अंगाने काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत कसलेलं. मुलगा जयराम वसईला नोकरीत, सून रचना घरी. घरची भातशेती होती. भात निघाला की मागे राहिलेल्या ओलीवर वाल पेरायचे आणि तो वाल सर्वस्वी कृष्णाबाईंचा. शेताकडे जायला नाल्यावर ताडाच्या दोन खोडांचा साकव होता. त्यावरून त्या रोज सकाळी एकट्या जायच्या.

खुर्चीतून उठा, खडूच्या रेघेपर्यंत चाला, वळा, परत येऊन बसा, ही माझी पहिली चाचणी. कृष्णाबाईंनी ती साडेआठ सेकंदांत संपवली. बोळिंजच्या काकांना चौदा लागले होते. एका पायावर उभ्या राहा म्हटलं तर उभ्या राहिल्या आणि तशाच माझ्या लग्नाची चौकशी करू लागल्या. तीस सेकंदांनी मीच त्यांना थांबवलं, कारण चौकशी फार खोलात चालली होती.

मग फॉर्म काढला.

"आजी, तुम्ही कधी पडता का?"

"पडते की. रोज."

माझं पेन थबकलं. "रोज?"

"कामाची घाई असली तर नाय. एरवी रोज."

"कोणत्या वेळी?"

"दुपारी. जेवन झालं की."

"कुठे?"

"हितंच, वटीवर."

पडण्याआधी काही जाणवतं का, असा पुढचा प्रश्न होता. "डोळे जड होतात," त्या म्हणाल्या. "मग घोटभर पानी पिते आनि पडते." उठायला कोणाची मदत लागते का? "सून उठवते ना, चाय झाला का."

सगळं फॉर्मच्या चौकटीत इतकं चपखल बसलं की मला गहिवरून आलं. त्या गावात मी बत्तीस जणांना तपासलं. त्यांतले पंचवीस रोज पडत होते आणि झाडून सगळे जेवणानंतर. जेवल्यावर काही म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब उतरतो आणि ती कोसळतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तोल उत्तम आणि तरी रोज पडतात, म्हणजे दुसरं काय असणार? आमच्या घरी माझी आई रोज दीड वाजता "जरा पडते गं" म्हणून आडवी होते, हे मी जन्मापासून ऐकत आले आहे. पण हातात छापील फॉर्म आला की माणसाची मातृभाषा जाते.

मॅडमना मी नुसते आकडे दाखवले. त्यांनी चष्मा काढला. "क्षितिजा, हे गाव आहे की रणांगण?" मग म्हणाल्या, दुपारी तिथे जाऊन जेवणाआधी आणि जेवणानंतर रक्तदाब घे, आणि तोवर घरच्यांना सावध कर.

मी घरोघरी पत्रं पाठवली. जयरामकाकांच्या पत्रात लिहिलं, आपल्या मातोश्रींना रोज पडण्याचा त्रास आहे, त्यांना एकट्याने घराबाहेर जाऊ देऊ नये. खाली कॉलेजचा शिक्का.

दहा दिवसांनी रक्तदाबाचं यंत्र घेऊन गेले तेव्हा कृष्णाबाई ओटीवर तोंड फिरवून बसल्या होत्या. शेताकडे उघडणाऱ्या मागच्या फाटकाला कुलूप होतं. जयरामकाका दिवसभर कामावर असायचे. आई आणि बायको मिळून आपल्यापासून लपवत होत्या, अशी त्यांची समजूत झाली होती. रचनावहिनींनी शपथ घेऊन सांगितलं की असं काही नाही, पण शिक्का वहिनींच्या शपथेपेक्षा भारी ठरला.

"वाल भरलाय," कृष्णाबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आनि मी हितं कुलपात."

"वहिनी तोडून आणतात ना?" मी म्हटलं.

"वाल येल गं घरात. मी कशी जाऊ?"

मला फार वाईट वाटलं, पण मी स्वतःला समजावलं की हे त्यांच्या भल्यासाठीच आहे. कोणालाही कोंडून ठेवताना माणूस हेच म्हणतो, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

त्या जेवायला बसल्या. मी आधीचा रक्तदाब घेतला, नंतरचा घेतला. दोन्ही सारखेच. हात धुऊन त्या घोटभर पाणी प्यायल्या. मी बाह्या सरसावून मागे उभी राहिले. त्यांनी कोपऱ्यातली चटई अंथरली, डोळे चोळले आणि म्हणाल्या, "आता मी पडते."

मी झेपच घेतली. दोन्ही हातांनी त्यांना कमरेत धरलं, माझा पाय चटईत अडकला आणि मी उंबऱ्यावर आपटले. कृष्णाबाई जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. गुडघा सोलवटला. सबंध संशोधनात माझ्या डोळ्यांदेखत पडलेली एकमेव व्यक्ती मीच.

"अगं बाय, मला झोपू तर दे," त्या म्हणाल्या.

माझ्या डोक्यात पंचवीसच्या पंचवीस फॉर्म एकदम उलटे फिरले. मी फॉर्म काढून त्या दोघींना वाचून दाखवला, दुपारी, वटीवर, सून उठवते. रचनावहिनी हसत हसत भिंतीला टेकून खाली बसल्या. कृष्णाबाई आधी हसल्या, मग त्यांना कुलूप आठवलं आणि त्यांनी मला अशा काही शिव्या घातल्या की त्या फॉर्मच्या 'शेरा' या रकान्यातही मावल्या नसत्या.

"मग खरोखरचं कधी पडलात?" मी हळद लावून घेता घेता विचारलं.

"आदळले का, असं इचार ना. एकदाबी नाय."

लाजेने मला रडू येत होतं. तरी संध्याकाळपर्यंत थांबले. जयरामकाका सहा वाजता आले. पन्नाशीचे, अंगाने भरलेले, गंभीर गृहस्थ. मी सगळं सांगितलं, पत्र परत मागितलं, चूक माझी आहे म्हटलं. मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत.

"ठीक आहे मॅडम, रोज नाही पडत," ते म्हणाले. "पण एक दिवस पडेल ना? तुमच्या पत्राने माझे डोळे उघडले. कुलूप राहू दे."

"काका, त्यांचा तोल तुमच्यापेक्षा चांगला आहे. उभे राहा एका पायावर."

ते उभे राहिले. चौथ्या सेकंदाला त्यांनी खुंटीला हात घातला आणि खुंटीवरची छत्री खाली आली. रचनावहिनींनी पदर तोंडाशी धरला. पण काकांचा चेहरा उतरला होता.

"चेष्टा नाही करत मी," ते म्हणाले. "माझा बाप त्याच साकवावरून पडला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सगळं झालं, तरी तीन महिन्यांत गेला. मी तेव्हापासून घाबरतो. रोज ऑफिसात फोन वाजला की पहिलं आईच मनात येतं." त्यांनी चष्मा पुसला. "पडला आणि गेला, मॅडम."

माझ्याजवळ आकडे होते, पण ते अशा वेळी काढायचे नसतात एवढी अक्कल दुपारपासून आली होती. बोलल्या त्या कृष्णाबाई. त्यांचा राग कुठच्या कुठे गेला होता.

"जया, तुझा बाप पडला म्हनून नाय गेला. पडून राहिला म्हनून गेला."

"आये..."

"आपरेशनच्या तिसऱ्या दिवशी मला म्हनला, मला हात दे, उभा राहतो. डाक्टरबी म्हनला, चालवा. तू म्हनलास, नको, परत पडतील. मीबी म्हनले, नको. दोघांनी मिळून निजवला त्याला." त्या थांबल्या. "तुला नाय दोष देत रे. आपली माया होती. पन मला तसं निजवू नको."

माझ्या प्रबंधात पुढे चाळीस पानं याच विषयावर आहेत. हाड जुळतं, पण माणूस हलेनासा झाला की पायांतली ताकद जाते, मग धीर जातो, आणि भीतीनेच तो पुन्हा पडतो. कृष्णाबाईंनी ते एका वाक्यात सांगितलं. जयरामकाका बराच वेळ अंगणात जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांनी खिशातून किल्ली काढून आईच्या हातात दिली आणि मला विचारलं, "साकवाचं काही करता येईल का?" इतका वेळ हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता, आणि त्याचंच तर उत्तर शोधायला मी घराबाहेर पडले होते.

रविवारी आम्ही ते केलं. खोडांवर फळ्या ठोकल्या, घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या मारल्या आणि दोन्ही बाजूंनी कमरेच्या उंचीवर बांबू बांधले. पंचवीस घरांतून माझी चेष्टा करून झाली होती, त्यामुळे बघायला गर्दी बरी जमली. कृष्णाबाई रिकामी टोपली घेऊन आल्या, बांबूंकडे बघून "चांगले हायत" म्हणाल्या आणि त्यांना हात न लावता भराभर पलीकडे गेल्या.

मग जयरामकाका निघाले. बाप गेल्यापासून त्यांनी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं, हे मला रचनावहिनींनी तेव्हा सांगितलं. त्यांनी दोन्ही बांबू घट्ट धरले, दोन पावलं टाकली आणि खालचं पाणी बघून जागीच थांबले. कृष्णाबाईंनी पलीकडे टोपली खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले.

"खाली नको बघू," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं बघ. ये."