सरकारचे शब्द, डॉक्टरांचं तोंड

मंगळवारी सकाळी डॉ. सुलेखा साने यांच्या क्लिनिकमध्ये नेहमीसारखीच गर्दी होती. अमेरिकेतल्या त्या मध्यम शहरात गेली बारा वर्षं त्या बायकांच्या डॉक्टर होत्या, आणि तिथल्या मराठी कुटुंबांत त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. १९८२ साली तिथल्या राज्याने नवा कायदा केला होता. गर्भपातापूर्वी डॉक्टरने स्वतः, पेशंटला समजेल अशा भाषेत, सरकारने लिहून दिलेला मजकूर सांगायचा आणि मग एक दिवस थांबायचं. नाही सांगितला तर लायसन्स जाणार. मजकूर लिहिला कोणी? ज्यांनी जन्मात कधी कोणाची नाडी धरली नाही, अशा मंडळींनी! सुलेखाताई तो इंग्रजीत घडाघडा वाचून मोकळ्या होत.

त्या दिवशी समोर कांचन बसली होती. चोवीस वर्षांची, लग्न होऊन अकोल्याहून आलेली, इंग्रजी जेमतेम. लहानपणीच्या तापाने तिच्या हृदयाची झडप अरुंद झाली होती आणि आता दुसरा महिना चालू होता. हे बाळंतपण जिवावर बेतेल, असं सुलेखाताईंनी तिला आधीच सांगितलं होतं. बिचारी मनाची तयारी करून आली होती.

"हे मला सांगावंच लागतं हं, फॉर्मॅलिटी आहे," म्हणत ताईंनी तो कागद पहिल्यांदाच मराठीत सांगायला घेतला. "गर्भ राहिल्या क्षणापासून ते माणूसच असतं. हे ऑपरेशन मोठं आहे. त्यात जबर रक्तस्राव होऊ शकतो, पुढे मूल न होण्याचा धोका असतो..." मराठीत बोलताना त्यांची त्यांनाच लाज वाटली. तरी त्यांनी कागद पुरा केला.

कांचनने खाली मान घालून विचारलं, "ताई, मग परवा तुम्ही निराळं का सांगितलं?"

"अगं, ते माझं मत. हे सरकारचं."

"पण सांगितलं तर तुम्हीच ना?"

बाहेर चार पेशंट खोळंबले होते. "गुरुवारी ये, मग बोलू," ताई म्हणाल्या.

गुरुवारी कांचन आली नाही. फोनवर तिचा नवरा विवेक म्हणाला, "ताई, ऑपरेशनमध्ये धोका आहे असं तुम्हीच म्हणालात, म्हणून आम्ही कॅन्सल केलं." ताई दोनदा त्यांच्या घरी गेल्या, परोपरीने समजावलं. पण डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं तेच खरं, असं त्या भाबड्या पोरीने धरून ठेवलं होतं. सहाव्या महिन्यात तिच्या फुप्फुसांत पाणी भरलं. बाळ गेलं, आणि त्याच संध्याकाळी कांचनही.

काही डॉक्टर कायद्याविरुद्ध कोर्टात जात होते. सुलेखाताई त्या डॉक्टरांच्या वकीलबाईंकडे निघाल्या, तेव्हा यजमान प्रताप म्हणाले, "सिटिझन झालो तरी आपण इथे बाहेरचेच, सुलेखा. लायसन्स गेलं तर? दुसरे आहेत ना फाइट करायला!"

"कांचनला दुसऱ्यांनी नाही सांगितलं. मी सांगितलं."

वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्र तयार ठेवलं होतं. राज्याच्या मजकुरामुळे एका पेशंटची दिशाभूल झाली, असं त्यात होतं. ताईंनी ते वाक्य खोडायला लावलं.

"माझ्या नावाने लिहा. हे तिच्या बाबतीत खोटं आहे, हे मला माहीत होतं. लायसन्सच्या भीतीने मी ते सांगितलं. यापुढे सांगणार नाही, कोर्ट काहीही म्हणो."

"डॉक्टर, हे तुमच्यावरच उलटेल."

"उलटू दे. ती माझं ऐकून मेली, आणि त्यात माझा एक शब्दही नव्हता."