चौदावा प्रश्न

बयाबाईंचा रिपोर्ट संपदाने तीनदा वाचला, आणि तिला भूक लागली. आता बोला! डाव्या स्तनात कॅन्सर, काखेतल्या गाठींपर्यंत पसरलेला, असं कागदावर स्वच्छ लिहिलेलं, आणि ही पोरगी मेडिकल कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसून दोन प्लेट पोहे खाते. रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली. आलं नाही. शेवटी चहा मागवला, तोही प्याली.

तिच्या कॉलेजची पद्धत अशी, की पहिल्या वर्षापासून प्रत्येकाला एक जुना फॅमिली डॉक्टर नेमून द्यायचा आणि त्याच्याच पेशंटांपैकी पाच घरं. शिक्षण संपेपर्यंत दर गुरुवारी सकाळी दवाखाना, दुपारी ती घरं. आजार पुस्तकात सापडतो, माणूस कळायला वर्षं जावी लागतात, असं त्यामागे डोकं. संपदाच्या वाट्याला पंचवटीतले गायधनी डॉक्टर आले, आणि म्हसरूळच्या बयाबाई. बाकीची चार घरं होतीच, पण जीव जडला तो इथे.

प्रत्येक भेटीला एक फॉर्म भरायचा. वीस प्रश्न. चौदावा असा: स्तनात गाठ किंवा दुखणं आहे का? पहिल्या वर्षी संपदाने तो कान लाल करून का होईना, पण विचारला होता. तेव्हा ती परकी होती, आणि परक्याला असलं विचारता येतं. मग सलगी वाढली. बयाबाई तिला ‘संपे’ म्हणू लागल्या, तिच्यासाठी ठेचा राखून ठेवू लागल्या. सून साधना तिच्यापाशी नवऱ्याची गाऱ्हाणी गाऊ लागली. आता जिच्या हातची भाकरी खायची, तिला घास घेता घेता असलं कसं विचारायचं? संपदाने विचारणं सोडलं. लिहिणं मात्र नाही सोडलं. परतताना रिक्षात बसून ती ‘नाही’वर खूण करायची. असे वीस महिने गेले. घरची पोर झाली आणि डॉक्टरकी चुलीत गेली, दुसरं काय!

गाठ सापडली ती गायधनी डॉक्टरांना. बीपी घ्यायला त्यांनी डावा हात उचलला आणि बयाबाई कळवळल्या. साधनाने त्यांना कॉलेजच्याच हॉस्पिटलात तपासण्यांना नेलं, आणि आज रिपोर्ट आणायला डॉक्टरांनी संपदाला पाठवलं.

तिने रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवला. शेजारी फॉर्मांचा गठ्ठा ठेवला.

“सर, चौदावा प्रश्न मी विचारतच नव्हते. नुसती खूण करत होते.”

डॉक्टर एकेक फॉर्म उलटत राहिले. बाहेर कुणाचं तरी पोर खोकत होतं.

“यात खाडाखोड करू नकोस,” ते म्हणाले. “आहे तसं राहू दे.”

“सर, ओरडा ना मला.”

“ओरडलो तर तुला बरं वाटेल. त्या बाईला काय?” त्यांनी गठ्ठा तिच्याकडे सरकवला. “आजाराचं तू सांग. उपचारांचं बोलायला मी पाच वाजता येतो.”

“आणि या खुणांचं?”

“ते सांगायचं की नाही, तुझं तू ठरव. मी सांगायला लावलं तर त्यात तुझं काय राहिलं?”

संपदा म्हसरूळला गेली. सगळ्या वाटेने तिने स्वतःला टोचून पाहिलं: अगं, तुझ्यामुळे ही बाई मरेल कदाचित. काही होईना. दात काढताना जबडा बधिर करतात, तसं सगळं अंग झालं होतं.

बयाबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. संपदाने शिकवल्याप्रमाणे जवळ बसून, सोप्या शब्दांत, न घाबरवता सगळं सांगितलं. आवाजसुद्धा हलला नाही. बयाबाईंनी हातातली पाकळी सोलून पुरी केली.

“मला ठावं व्हतं. होळीपासून हाय ती गाठ.”

“मग बोलला का नाहीत, आजी?”

“तुझी परीक्षा नव्हती का तोंडावर? तुझं पेशंट बिघडलं की तुझे मार्क कापत्यात. म्हनलं, होऊ दे पोरगी पास, मंग सांगू.” त्या चक्क हसल्या. “आता माझीच चूक म्हनायची. तू नको जीवाला लावून घेऊ.”

घ्या! संपदाची सुटका आपणहून दारात येऊन उभी राहिली. नुसतं गप्प बसायचं होतं. बयाबाईंनी तिला पदराखाली घेतलं असतं, साधनाने चहा टाकला असता, आणि कॉलेजात कुणी काय विचारणार होतं? माणूस गप्पच बसतो अशा वेळी. संपदाही बसली, चांगला मिनिटभर.

“आजी, मार्क असे कापत नाहीत,” ती म्हणाली. “आणि मला दर वेळी तुम्हाला विचारायचं असतं, छातीत गाठ आहे का म्हणून. फॉर्मात तसा प्रश्नच आहे. मी वीस महिने विचारलं नाही. न विचारताच ‘नाही’ लिहीत गेले.”

बयाबाईंचा हात थांबला.

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“इचारलं असतंस तर सांगितलं असतं की गं,” बयाबाई हळूच म्हणाल्या. “तोंडावर खोटं नसतं बोलले मी.”

 साधना आतून डोकावली आणि तशीच आत गेली. संपदाने पिशवीतून कोरा फॉर्म काढला. दुसरं काय करावं ते तिला कळेना.

“दुखतं का, आजी?”

“हो, म्याडम,” बयाबाई म्हणाल्या. “लय दुखतं.”

तीन वर्षांत त्यांनी तिला कधी म्याडम म्हटलं नव्हतं. संपदाच्या छातीत कळ आली, खरोखरची, आणि तिने खाली मान घालून ‘हो’वर खूण केली.