माझ्याच तोंडावर निवडलेली सवत

मित्रांनो, जरा नीट पाहा, नाहीतर तुमचीही नजर शेजारच्या निळ्या फुलांवर जाईल. सगळ्यांची तिकडेच जाते. शेगडीच्या मागे, हाताच्या उंचीवर, एका कोपऱ्याचा टवका उडालेली पांढरी टाइल दिसते ना, ती मी. मी जुनी आहे, साधी आहे आणि खरे सांगायचे तर फार मत्सरी आहे. पहिल्या दोन गोष्टी माझ्या हातात नव्हत्या. ही कहाणी तिसरीची आहे.

माझा जन्म मातीतला. कारखान्यात दळलेली माती साच्यात दाबली, भट्टीत भाजली, वर पांढरी झिलई चढवली आणि पुन्हा भाजली. त्याच कारखान्यात फुलांच्या टाइल्सही निघत. आम्हाला खोक्यात भरताना एक कामगार दुसऱ्याला म्हणाला, "या साध्या आहेत, अशाच एकावर एक ठेव. फुलवाल्यांच्या मधे मात्र कागद घाल." तो पातळ कागद मी आजवर विसरलेले नाही. माझ्या जळण्याची सुरुवात तिथूनच झाली.

मग मी या घरात आले. आजोबा तेव्हा आजोबा नव्हते, मुंडासे बांधून स्वतः सिमेंट कालवणारे तरणे गृहस्थ होते. त्यांनी गवंड्याच्या शेजारी उभे राहून ओट्यामागची भिंत आमच्याकडून पांढरी करून घेतली. पुढची कितीतरी वर्षे मी वाफ झेलली, फोडणीचे शिंतोडे झेलले आणि फडक्याचे रट्टे खाल्ले. रांगेतल्या बाकीच्या टाइल्ससारखीच मी एक होते. मला कोणी वेगळे ओळखत नव्हते.

माझे दिवस पालटले ते आजोबांच्या कानांमुळे. यंत्रांच्या खडखडाटात नोकरी केल्याने त्यांना हळूहळू ऐकू येईनासे झाले. मोबाइल दिला, तर तो खिशात थरथरला की त्यांना गुदगुल्या व्हायच्या, म्हणून तो कपाटात गेला. एकदा त्यांच्या सुनेने, म्हणजे या घरातल्या आईने, चहा झाकून ठेवलाय हे ओरडून ओरडून सांगितले. घसा बसला, पण आजोबा "हो, हो, पाऊस येईल" म्हणत राहिले. शेवटी तिने मुलीच्या दप्तरातून एक जाड स्केचपेन काढले आणि माझ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले, "चहा झाकून ठेवलाय." आजोबांनी वाचले, चहा घेतला आणि खाली लिहिले, "प्यायलो. साखर कमी."

त्या दिवसापासून पेन दोरीने खिळ्याला लटकले आणि मी घरातली महत्त्वाची व्यक्ती झाले. आई रुग्णालयात नर्स, तिच्या पाळ्या वेगळ्या. बाबा बस डेपोत, त्यांच्या पाळ्या त्याहून वेगळ्या. आजोबांना ऐकू येत नाही आणि त्या दोघांची गाठ पडत नाही, म्हणून सगळे घर माझ्यावर बोलू लागले. "नळाला पाणी नाही, पिंप भरलंय." "डोळ्यांत थेंब घातलेत का?" "घातले. एक गालावर पडला." धाकटी लेक, जिला सगळे पिटुकली म्हणतात, ती स्टुलावर चढून मांजरे काढायची. ओले फडके फिरवले की मी पुन्हा कोरी. आजोबा सकाळी उठले की पातेले शेगडीवर ठेवत आणि सगळ्यात आधी माझ्याकडे बघत. माझ्या रांगेतल्या टाइल्स माझ्यावर जळत असत आणि मला ते फार आवडायचे.

एका रविवारी आई तिच्या धाकट्या बहिणीकडे, म्हणजे मावशीकडे, तिचे नवे स्वयंपाकघर बघायला गेली. परत आली ती चप्पल काढून थेट माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तिच्याकडे भिंत बघितली तरी भूक लागते," ती बाबांना म्हणाली. "पिवळा रंग काय, नक्षी काय! आणि आपल्याकडे बघा."

"आपल्याकडे भूक लागत नाही का? मला तर आत्ताही लागलीय," बाबा म्हणाले.

"चेष्टा करू नका. दिवसभर वॉर्डात पांढऱ्या भिंती, पांढऱ्या चादरी. घरी आले की पुन्हा हेच. मला आता रंग हवाय."

तिचे म्हणणे खोटे नव्हते, हे मी आज मान्य करते. पण तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जळण्याचे काम या घरात माझ्या एकटीचे नाही, एवढेच काय ते समाधान मिळाले.

दुसऱ्याच दिवसापासून दुकानातून नमुने येऊ लागले. एक हिरवी, एक विटकरी, एक माशांची, एक नुसतीच चकचकीत. आई त्यांना ओट्यावर आमच्या पुढ्यात टेकवून ठेवायची आणि मान वाकडी करून बघायची. पण तिची आणि बाबांची गाठ पडेना. मग ही चर्चा कुठे झाली असेल? माझ्यावर, मित्रांनो. माझ्याच तोंडावर माझी सवत निवडली जात होती.

"हिरवी कशी वाटते?" आईने लिहिले.

"शेवाळासारखी," बाबांनी खाली लिहिले.

"मग तुम्ही सांगा."

"विटकरी. डाग दिसणार नाहीत."

"मला स्वयंपाकघर हवंय, गोदाम नकोय."

पिटुकलीने एका कोपऱ्यात तिच्या गुलाबी मेणखडूने लिहिले, "गुलाबी घ्या." तिचे कोणी ऐकले नाही. माझ्यावर लिहिण्याची सोय होती, मला बोलण्याची नव्हती. बाबांनी "या पांढरीला काय झालंय?" असे एकदा तरी लिहावे, म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी "निळी?" असे लिहिले आणि आईने त्याखाली दोन रेघा ओढून "हो!" लिहिले.

निळीचा नमुना माझ्या अगदी पुढ्यात टेकवला गेला. निळ्याशार पाकळ्या, मधे पिवळा ठिपका. येणारा जाणारा तिला "वा" म्हणे. तिची पाठ माझ्याकडे होती, तेवढीच मला दिसायची. पाठ तांबूस, खडबडीत, माझ्या पाठीसारखीच असणार. पण पाठीला कोण विचारतो? मी मनातल्या मनात रोज म्हणायचे, कोणाचा तरी कोपर लागू दे आणि ही ओट्यावरून खाली पडू दे. झारा पडला, झाकण पडले, एकदा तर अख्खा डबा पडला. ती मात्र जागची हलली नाही.

ऑर्डर देण्याआधी आईने आजोबांसाठी माझ्यावर लिहिले, "आजोबा, तुम्हाला चालेल ना ही?" आजोबांनी ते वाचले. "चालेल," असे त्यांनी लिहिले. मग पेन हातात धरून ते बराच वेळ उभे होते. आणखी काही लिहायचे असावे, असे मला वाटले. पण त्यांनी टोपण लावले आणि पेन खिळ्याला अडकवले.

मिस्त्री आला तो गाणे गुणगुणत. त्याने आमच्या रांगेला छिन्नी लावली आणि माझ्या शेजारणी एकेक करून फुटल्या. ज्या माझ्यावर जळायच्या, त्यांचे तुकडे ओट्यावर पडले. माझ्यामागचे प्लास्टर मात्र रोजच्या ओल्या फडक्याने भुसभुशीत झाले होते. मी अख्खीच त्याच्या हातात आले.

"ही एक शहाणी निघाली," असे म्हणून त्याने मला उताणे ठेवले आणि माझ्या तोंडावर सिमेंट कालवले. त्याच सिमेंटने त्याने निळ्या फुलांचे सांधे भरले. गरज सरो, वैद्य मरो, असे म्हणतात. इथे तर वैद्याकडूनच तिरडी बांधून घेतली. संध्याकाळी मला पोत्यात भरून खाली जिन्याजवळ, राडारोड्याच्या ढिगावर ठेवले. पोत्याला भोक होते, त्यातून मला जिन्याची पायरी आणि वरच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसायची. खिडकीतून निळा रंग दिसला की माझ्या पोटात दुखायचे.

राडारोडा उचलणारी गाडी काही येत नव्हती. अशाच एका दुपारी पिटुकली दप्तर घेऊन नेहमीपेक्षा खूप लवकर आली आणि जिना चढून गेली. वर बेल वाजली. पुन्हा वाजली. मग दारावर थापा पडल्या. थोड्या वेळाने ती खाली येऊन खिडकीखाली उभी राहिली.

"आजोबा! ओ आजोबा!"

खिडकीतून चहाची वाफ येत होती. आजोबा आत होते, अगदी ओट्यापाशी. कामाची वेळ असल्याने इमारतीत दुसरे कोणी नव्हते. ती पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. डब्यात उरलेला घास तिने खाल्ला. मग पायरीवर बसून ती रडली आणि रडता रडता दप्तरावर डोके ठेवून झोपली.

उन्हे उतरल्यावर आजोबा फिरायला म्हणून काठी टेकत खाली आले आणि तिला पाहून जागीच थांबले.

"अगं, तू इथे? कधीपासून?"

पिटुकलीने त्यांच्या कानाला तोंड लावले. "आईने लिहिलं होतं ना! शाळा लवकर सुटणार, दार उघडं ठेवा म्हणून!"

"कुठे लिहिलं होतं?"

"फुलांवर."

मित्रांनो, ते ऐकून मला आनंद झाला. माझ्या सवतीची फजिती झाली होती. तिच्या त्या पाकळ्यांच्या गर्दीत आईची अक्षरे हरवली होती. एवढे रूप असून तिला एक ओळ धरता आली नाही. पण मग मी आजोबांचा चेहरा पाहिला. ते काठी बाजूला ठेवून पायरीवर बसले आणि पिटुकलीचे तोंड धोतराच्या सोग्याने पुसू लागले. ते सारखे पुसतच राहिले. माझा आनंद तिथेच आटला.

थोड्याच वेळात आई कामावरून आली. पिटुकलीने सगळे सांगितल्यावर ती पर्स घेऊन तशीच उभी राहिली.

"मी सकाळी घाईत लिहिलं," ती म्हणाली. "नेहमीच्या जागी. दिसतंय का, हे बघितलंच नाही." मग ती आजोबांच्या कानाशी वाकली. "आपण फळा आणू. दाराशी लावू."

"नको गं," आजोबा म्हणाले. ऐकू न येणाऱ्यांचा असतो तसा त्यांचा आवाज मोठा होता. "उठलो की मी आधी पातेलं बघतो आणि मग ती भिंत. दाराकडे बघायची मला सवय नाही."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"लिहिणार होतो. पण तू इतकी खुशीत होतीस. म्हटलं, कशाला मोडता घालायचा?"

आईने मान फिरवली आणि पदराने डोळे टिपले. तोवर पिटुकली पोत्याशी पोचली होती. तिने तुकडे बाजूला केले आणि मला बाहेर ओढले. माझ्या तोंडावर वाळलेल्या सिमेंटचा थर होता. आजोबांनी नखाने एक कोपरा खरवडला. खालून गुलाबी अक्षरे दिसली. "गुलाबी घ्या" हे मात्र पुसायचेच राहिले होते.

"हीच," आजोबा म्हणाले.

मिस्त्रीला पुन्हा बोलावले. त्याने डोके खाजवले. "नवी कोरी टाइल फोडायची? बघा हं, पक्की बसलीय. अख्खी निघायची नाही."

"काढा," आई म्हणाली.

मी ओट्यावर पडून सगळे पाहत होते. शेगडीमागची ती, माझ्या जागेवर बसलेली, माझी सवत. इतके दिवस मी जे मागत होते, ते आता माझ्या डोळ्यांसमोर होणार होते. छिन्नीचा पहिला घाव बसला तेव्हा तिच्या फुलावर रेघ उमटली. मग पिवळा ठिपका निखळला. मग ती तुकड्या तुकड्यांनी माझ्या शेजारी पडू लागली, काही तुकडे उपडे, काही उताणे. उपड्या तुकड्यांवर तांबूस माती होती. माझीच माती. तिने तर कोणाचे काही घेतले नव्हते. ती आणली म्हणून आली होती, बसवली म्हणून बसली होती. मला फार वाईट वाटले आणि ते सांगायला माझ्याकडे ना तोंड होते ना पेन. मला ठोकून बसवताना माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला, त्याचे मला काही वाटले नाही.

आता मी पुन्हा माझ्या जागी आहे. मावशी आली की नाक मुरडते, "एवढ्या फुलांत हे ठिगळ कसलं गं?" आई हसते आणि तिच्यापुढे चहा ठेवते. सकाळचे ऊन भिंतीवर आले की निळी फुले अशी काही उजळतात की मी अजूनही जळते. हा स्वभाव जाणार नाही. पण त्यांच्यातली एक कमी आहे आणि ती जागा माझ्या अंगाखाली आहे, हे मी विसरत नाही.

मित्रांनो, घरात रंग जरूर आणा. नवे हवेसे वाटणे हा काही गुन्हा नाही. फक्त जुने काढण्याआधी एक दिवस त्याच्यासमोर उभे राहा आणि ते कोणाच्या किती उपयोगी पडते, ते बघा. आम्हाला सांगता येत नाही. आणि घरात जो गप्प बसून "चालेल" म्हणतो ना, त्याच्या हातात पेन पुन्हा एकदा द्या.

आज सकाळी आईने घाईघाईत माझ्यावर लिहिले, "शाळा लवकर सुटणार आहे. दार उघडं ठेवा." आजोबा उठले, पातेले ठेवले, वाचले. दाराकडे जाऊन आले. मग दोरीचे पेन घेऊन त्यांनी खाली लिहिले, "आत्ताच उघडून ठेवलंय."